आत्याला ठेवलंय त्या केअर होमचा रिव्ह्यू, ५ पैकी २ स्टार

नाव टाकत नाहीये, तक्रार अजून चालू आहे. आत्याला डिमेन्शिया आहे आणि ती आता स्वतःहून कूसही बदलू शकत नाही, घरी चोवीस तास बघणं जमेना म्हणून ठेवलं.

रिसेप्शन, बाग, खोल्या एकदम चकाचक. रोज व्हॉट्सअॅपवर फोटो येतो, केस विंचरून खुर्चीत बसवलेली आत्या. पण फोटोत टाचा येत नाहीत हो! चादर बाजूला करून बघितलं तर टाचेवर लाल चट्टा, बोटाने दाबला तरी फिका पडेना, म्हणजे बेडसोरची (एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात, आणि माकडहाडापाशी तर कातडी सोललेलीच. दर दोन तासांनी कूस बदलल्याचा चार्ट भिंतीवर आहे, त्यात संध्याकाळच्या सगळ्या टिकमार्क दुपारीच मारून ठेवलेल्या.

दोन्ही दंडांवर बोटाएवढे निळे डाग पण होते. आता रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्या की जरा लागलं तरी डाग पडतो, म्हणून एखादा डाग दिसला की लगेच मारलं असं धरू नका. पण दोन्ही बाजूंना सारखेच असतील तर कुणीतरी घट्ट धरलं होतं का हे विचारायलाच हवं. मी विचारलं तर एक अटेंडंट म्हणाली आजी पडल्या, दुसरी म्हणाली इंजेक्शनचे आहेत, आणि रजिस्टरमध्ये पडल्याची नोंदच नाही. मला डागांपेक्षा ही दोन उत्तरं जास्त खटकली.

भर दुपारी पण गुंगीत का, म्हणून औषधांचा चार्ट मागितला तर एक नवीन गोळी, "रात्री ओरडतात ना, म्हणून". घरच्यांना विचारलं नाही, सांगितलं पण नाही. गोळी अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमासारख्या मानसिक आजारांवरचं औषध. डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या पेशंटना ते दिलं तर मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २००५ मध्येच तसा इशारा दिलाय. पेशंटला गप्प करायला गोळी देणं हा पण छळच, फक्त त्याचे वळ दिसत नाहीत.

तिथेच आरडाओरडा करावासा वाटला पण रात्री आत्या त्यांच्याच ताब्यात असते. आधी तारखेसकट फोटो काढले, बाहेरचे डॉक्टर आणून लेखी रिपोर्ट घेतला, मग मॅनेजरला ईमेल, फोन नाही, म्हणजे नंतर नाही म्हणता येत नाही. जिवाला धोका वाटला असता तर मात्र ईमेलबिमेल नाही, सरळ पोलीस आणि अॅम्ब्युलन्स. आत्याशी एकटीने बोलायचं म्हटलं तर एक बाई खोलीतून हलेचना, आत्याच्या वतीने तीच उत्तरं देत होती. शेवटी तिला बाहेर काढून दार लावलं. आत्या फार काही बोलली नाही, पण ती बाई परत आत आल्यावर अंग चोरून बसली, तेही मी लिहून ठेवलंय. "डिमेन्शिया आहे, त्यांना काही कळत नाही" असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

मॅनेजमेंटचं पहिलं उत्तर, आमच्याकडे असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या संस्थांमधल्या तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी वर्षभरात गैरवर्तन केल्याचं स्वतः कबूल केलंय, त्यामुळे हे वाक्य ऐकून मला हसूच आलं. रिपोर्ट दाखवल्यावर हवेची गादी आली, गोळी बंद झाली (डॉक्टरांना विचारून, आपल्या मनाने बंद करू नका), आणि त्या बाईला वरच्या मजल्यावर टाकलं. चौकशी नाही, काही नाही, वरच्या मजल्यावर काय कुणाची आत्या नाही का?

एक स्टार नाइट नर्सला, तिने न लपवता रजिस्टर दाखवलं, तीस पेशंटमागे रात्री दोन माणसं असतात हेही तिनेच सांगितलं. दुसरा बागेला, द्यावा लागतो. महिनाअखेरीला आत्याला दुसरीकडे हलवतोय, तिथे न कळवता रात्री भेटायला आलेलं चालेल का एवढं आधी विचारून घेतलं, हो म्हणालेत, बघू.