दीड हजाराचा नंदी, बारा आण्याची चाकं

पोळा आठ-दहा दिवसांवर आला की नागपुरात महालात, इतवारीत रस्त्याच्या कडेला लाकडी बैलांची रांग लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो, त्यात ओढायचे हे बैल. तळहातावर मावणाऱ्या बैलापासून पोराच्या कमरेला लागणाऱ्यापर्यंत. माझ्या माहेरचा बैल शिसमाचा, आजोबांनी बाबांसाठी घेतलेला. तो रीतसर भाच्याकडे गेला. यंदा पाच वर्षांच्या लेकीने विचारलं, "माझा कुठंय?" आमच्या लहानपणी पोरी नटूनथटून नुसत्या बाजूने चालायच्या, बैलाचा दोर पोरांच्या हातात. म्हटलं, हिला घ्यायचाच. बडकस चौकाजवळच्या एका दुकानातून घेतला.

चाकांसकट फूटभर उंच. अठराशे सांगितले, पंधराशेत दिला. सागवानच कशावरून, असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "ताई, उलटा करून पाहा ना." बैलाच्या पोटाखाली रंग लावला नव्हता, तिथे सागाच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. कुणी घेणार असाल तर हे नक्की करा. वरून ऑइल पेंट मारला की आंबा काय नि साग काय. घडण मात्र फार देखणी. वशिंड किंचित एका बाजूला कललेलं, गळ्याखालच्या पोळीला तीन वळ्या, डोळे रागीट नाहीत. शिंगं काढता-घालता येतात, त्यामुळे शेंब्या, म्हणजे टोकांची टोपणं, चढवायला सोपं. इथवर पैकीच्या पैकी गुण.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी त्याच्या खांद्यांना लोणी-हळद चोळली आणि अगदी खऱ्या बैलाच्या कानात सांगावं तसं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." लेकीने लगेच विचारलं, जेवायला काय? पोळ्याला पुरणपोळीचा पहिला घास नंदीपुढे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची, हे बाबा दरवर्षी नव्याने सांगतात. नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते, तिथल्या गर्दीत लहान मूल नेणं म्हणजे शहाणपण नव्हे, म्हणून आम्ही अलीकडेच थांबलो. बाबांच्या खांद्यावर बसून लेक "घेऊन जा गे मारबत" ओरडत होती. खोकला, डास आणि मग स्वतःच्या मनाने शाळाही घेऊन जायला सांगितली.

संध्याकाळी तान्हा पोळा. मठाटी, बेगड, झूल, गळ्यात घुंगरू असा बैलाचा साज. आमच्या गल्लीत तोरणाखाली पंचवीसेक बैल उभे होते. एका आजोबांनी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला" म्हणताच पोरांचा जो "हर हर महादेव" उठला! मग घरोघरी बोजारा, म्हणजे बैल दारात नेला की मिळणारे पैसे नि खाऊ, मागायला निघालो आणि सहाव्या घराच्या फाटकापाशी बैल बसला. म्हणजे पुढचं डावं चाक निखळून नालीत गेलं.

चाक बघितलं तर पातळ फळीची चकती, मधोमध साधा खिळा ठोकलेला. सिमेंट रस्त्याच्या सांध्यावर दोनदा आपटलं की खेळ खलास. माहेरच्या बैलाला जाड चाकं आणि आरपार लोखंडी आस आहे; आता तिसरी पिढी ओढतेय. पंधराशे घेताना आसासाठी एक सळई परवडत नाही का? लेकीच्या डोळ्यांत पाणी. बाबांनी शेजारच्यांची जुनी रबरी चप्पल मागितली, तिची चकती कापून खिळ्यावर बसवली आणि वरून दुसरा खिळा वाकवला. बैल लंगडत का होईना, चालला. बोजारा दोनशे साठ रुपये, बिस्किटाचे नऊ पुडे आणि एक डाळिंब.

तिसऱ्या दिवशी दुकानात नेला. दुकानदाराने हुज्जत न घालता चारही चाकं बदलून दिली, पैसे घेतले नाहीत, हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं. पण वर म्हणाला, "लोक आजकाल फोटोसाठी नेऊन राहिले ताई, ओढते कोण?" पटलं नाही. शोकेसमध्ये ठेवायचा असता तर पितळी घेतला असता.

पाचपैकी साडेतीन. घडणीचे अडीच, वागणुकीचा एक, चाकांचा भोपळा. घ्यायला जाल तर दुकानासमोरच्या रस्त्यावर दहा पावलं ओढून बघा, मगच भाव करा. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी जाऊ नका, चांगले बैल तोवर उचललेले असतात आणि घासाघीस कुणी ऐकून घेत नाही.

नंदी सध्या टीव्हीखाली उभा आहे. लेक रोज त्याच्यापुढे बोजाऱ्यातलं एक बिस्कीट ठेवते. मुंग्यांची रांग थेट स्वयंपाकघरापर्यंत लागलीय.