बॅकग्राउंड चेकची सर्व्हिस घेतली, पाचपैकी दोनच स्टार

भोसरीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, मोठ्या कंपनीच्या साइटवर पोरं पाठवायची तर व्हेरिफिकेशन मागतात म्हणून ही सर्व्हिस घेतली. नाव टाकत नाही.

आधार, पत्ता, जुना मालक हे सगळं पटापट होतं, ॲप पण सोपंय, दोन स्टार त्याचेच. घोळ आहे तो कोर्ट चेकचा. पीडीएफ येते, वरच भला मोठा लाल चौकोन, आत 'हाय रिस्क'. एक वेल्डर आला होता, ट्रायलला पाइपचा जॉइंट असा मारला की ग्राइंडर लावायची गरजच नाही. मारामारीच्या केसमध्ये शिक्षा झालेली, पूर्ण भोगून आलोय, हे त्याने विचारायच्या आधीच सांगितलेलं. रिपोर्टमध्ये सुटून किती वर्षं झाली वगैरे काही नाही, नुसतं लाल. दुसऱ्या पोराचंही लालच, आणि तो तर निर्दोष सुटलाय! शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'डिस्पोज्ड, अ‍ॅक्विटेड'. अरे मग वर लाल कशाला?? कस्टमर केअरवाली म्हणते सर, सिस्टीम नावावरून ई-कोर्ट्सचा डेटा उचलते. नावावरून! पुणे जिल्ह्यात एकाच नावाचे किती शिंदे निघतील, मोजा.

बरं कायदा तरी इतका कडक आहे का? 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात माणूस तुरुंगात असेपर्यंत मत देता येत नाही, सुटला की देता येतं. दोन वर्षांची शिक्षा झालेला पुढारीसुद्धा सुटल्यावर सहा वर्षांनी परत निवडणुकीला उभा राहू शकतो, आमच्या वेल्डरला मात्र एक्सपायरी डेटच नाही. आणि 1958 चा प्रोबेशनचा कायदा आहे, कोर्टाने समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडलं असेल तर कलम 12 प्रमाणे त्या दोषी ठरण्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. या रिपोर्टात त्यासाठी साधा रकानापण नाही.

वेल्डरला ठेवलाय, पण गेटपास मिळत नाही म्हणून वर्कशॉपमध्येच, साइटचा भत्ता बुडतो त्याचा. तुम्ही घेणार असाल तर शेवटचं पान आधी वाचा आणि केस नंबर समोर ठेवून माणसालाच विचारा. साइटचं काम नसेल तर कोर्ट चेक सोडून नुसतं आधार-पत्त्याचं पॅकेज घ्या, स्वस्त पडतं.