स्नो थ्रोअर : एक हिवाळा, एक उन्हाळा आणि पुन्हा हिवाळा

बर्फ हटवणारं हे यंत्र दोन स्टेजचं आहे. पुढे बर्फ आत ओढणारा ऑगर, त्यामागे तो लांब भिरकावणारा इम्पेलर, आणि २०८ सीसीचं चार स्ट्रोक पेट्रोल इंजिन. बर्फ फेकण्याच्या कामात नाव ठेवायला जागा नाही. ओला, जड बर्फ आला की शूट, म्हणजे बर्फ बाहेर पडायचं नळकांडं, तुंबते, पण ते या जातीच्या सगळ्याच यंत्रांचं दुखणं. इंजिन बंद करून सोबतच्या दांड्याने मोकळं करायचं, हात कधीच घालायचा नाही.

पण असलं यंत्र वर्षातला बराचसा काळ नुसतं उभं असतं, आणि त्याचं बिघडणं बहुतेकदा त्याच काळात होतं. त्यामुळे ते आवरून ठेवायला किती सोपं आहे, हे मला फेकीच्या अंतराइतकंच महत्त्वाचं वाटतं. एक उन्हाळा तसा काढून झाल्यावर हे लिहितोय.

सगळ्यात मोठा शत्रू पेट्रोल. त्यात बहुतेकदा इथेनॉल मिसळलेलं असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाला पेट्रोल जातं ते तळातूनच. शिवाय पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. कार्ब्युरेटरच्या आयडल जेटचं भोक एवढं बारीक असतं की थोडीशी राळही पुरते. मग इंजिन चोक ओढल्याशिवाय चालत नाही आणि आवाज सारखा वरखाली होत राहतो. महिनाभराहून जास्त उभं राहणार असेल तर काहीतरी करायलाच हवं.

दोन रस्ते आहेत. ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं रसायन) घालून टाकी भरून ठेवा, किंवा सगळं पेट्रोल काढून टाका. पहिल्यात स्टॅबिलायझर घातल्यावर इंजिन पाच-दहा मिनिटं चालवायचं, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. हे लोक हमखास विसरतात. आणि शिळं झालेलं पेट्रोल त्याने ताजं होत नाही. मी दुसऱ्या रस्त्याचा. इंजिन थंड असताना, उघड्यावर, टाकी कॅनमध्ये रिकामी केली, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, चोक ओढून पुन्हा एकदा चालवलं. तरीही कार्ब्युरेटरच्या बाउलखालचा (पेट्रोल साठतं त्या वाटीखालचा) बोल्ट सैल केला तेव्हा चमचाभर पेट्रोल निघालंच. इथे या यंत्राला पूर्ण गुण: पेट्रोलचा कॉक समोर आहे, आणि बाउलच्या बोल्टपर्यंत पाना काही न उघडता पोचतो.

माहितीपुस्तिकेचा क्रम मात्र उलटा आहे. त्यात आधी पेट्रोल, मग ऑइल. ऑइल गरम असतानाच नीट निथळतं, म्हणजे ते आधी बदलायला हवं. टाकी कोरडी केल्यावर इंजिन तापवणार कशाने? नवं ऑइल ५डब्ल्यू-३० घातलं. ऑइल काढायची नळी इतकी आखूड आहे की अर्धी धार फ्रेमवर सांडते. पुठ्ठा दुमडून खाली पन्हळ धरली, पण हे कारखान्यातच सुटायला हवं होतं.

आता ऑगर. प्रत्येक बाजूचा ऑगर मधल्या दांड्यावर शिअर पिनने अडकवलेला असतो. दगड अडकला की पिन तुटायची आणि गिअरबॉक्स वाचायचा, अशी रचना. पण ऑगर दांड्यालाच गंजून चिकटला, तर पिन तुटूनही दांडा सुटत नाही आणि सगळा झटका गिअरबॉक्स खातो. म्हणून स्पार्क प्लगची वायर काढून पिना काढल्या, ग्रीस निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) दोन्ही टोकांना बाहेर येईपर्यंत ग्रीस भरलं आणि ऑगर हाताने दांड्यावर गोल फिरवला. कारखान्यातून आलेलं ग्रीस नावापुरतंच होतं. आणि एक निपल ऑगरच्या पात्याआड असं बसवलंय की ग्रीस गन तिरकी धरल्याशिवाय लागत नाही. पिनेच्या जागी साधा कडक बोल्ट घालायचा मोह कुणाला झाला तर आवरा.

बाकी किरकोळ. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल, मग इंजिन सुरू करायची दोरी हळूच ओढून जोर लागेल तिथे सोडायची. शूट आणि ऑगरच्या खोक्यात रंग उडालेल्या जागी पुसून रंगाचा हात. स्प्रे मारताना तळाच्या झाकणाआडची, चाकांना गती देणारी फ्रिक्शन डिस्क आणि बेल्ट यांच्यावर थेंबही जाऊ द्यायचा नाही, नाहीतर यंत्र पुढे सरकायलाच तयार होत नाही. वर हवा खेळेल असं कापड. प्लास्टिक नको, आत ओल धरते.

पुढच्या हिवाळ्यात ताजं पेट्रोल घातलं, चोक लावला, दोरी ओढली आणि इंजिन लागलं, आवाज एकसारखा. विकत घेणाऱ्यांना एवढंच सांगेन : दुकानात ऑगर पाहता पाहता खाली वाकून ऑइलची नळी आणि ग्रीस निपल कुठे आहेत तेही पाहा. पाचपैकी चार तारे. एक त्या आखूड नळीपायी कापला.