दुसरं बटण जास्त चालतं

या प्रोग्रॅमला दोनच बटणं. पहिलं दाबलं की अमूर्त चित्र, दुसरं दाबलं की त्याची समीक्षा. गंमत म्हणून उघडला आणि रात्रीचा दीड वाजला.

चित्रांचं फार नवल नाही. आकडा द्या, त्यावरून रेघा, चौकोन, रंग उमटतात. 41 टाकला की दर वेळी तीच तिरकी तांबडी पट्टी. पण डोळ्यांना बरं वाटतं, आणि ते काही आजचं नाही. 1964 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत अभियंते मायकेल नोल यांनी डच चित्रकार मॉन्द्रियानच्या 1917 च्या आडव्या-उभ्या रेघांसारखं चित्र संगणकाकडून काढून घेतलं आणि पुढे दोन्ही चित्रं 100 जणांपुढे ठेवली. यंत्राचं कुठलं ते 28 जणांनीच ओळखलं. 59 जणांना तर यंत्राचंच जास्त आवडलं.

खरा माल दुसऱ्या बटणाखाली आहे. ‘पोकळीचा आदिम हुंकार.’ ‘रंगाच्या नकारातून उमलणारं मौन.’ व्याकरण चोख, अर्थ शून्य. आतली युक्ती साधी दिसते: वाक्यांचे साचे ठरलेले, मोकळ्या जागी भारदस्त शब्द. वीसेकदा दाबलं की ‘आदिम’ फिरून हजर. मला हसू आलं ते जरा ओशाळंच. प्रदर्शनांच्या पत्रकांचा मजकूर मी मानधन घेऊन लिहितो, कधीकधी चित्र न बघताच (एका चित्रकारानं फोनवर सांगितलं होतं, ‘निळं आहे, बघा काय जमतंय’). ‘आदिम’ माझाही हुकमी शब्द.

मग चित्र पुसून टाकलं आणि कोऱ्या पडद्यावर समीक्षा मागितली. उत्तर आलं: ‘रेषांचा संयत उद्रेक.’ म्हणजे दुसरं बटण चित्राकडे बघतच नाही! 1964 मध्येच स्वीडनमध्ये एका चिंपांझीची चित्रं फ्रेंच चित्रकाराच्या नावानं प्रदर्शनात लावली होती. एका समीक्षकाला त्यांत बॅले नर्तकाची नजाकत दिसली, आणि खरं कळल्यावरही प्रदर्शनातलं सर्वोत्तम चित्र तेच, असं तो म्हणाला. त्याला लोक हसले, पण तो निदान बघून तरी बोलला होता.

तक्रार एकच. चित्र उतरवून घेता येतं, समीक्षा नाही; पुन्हा बटण दाबलं की आधीची गेली. चांगली वाक्यं मला हातानं वहीत लिहून घ्यावी लागली. पाचपैकी चार तारे. पुढच्या आठवड्यात एक पत्रक द्यायचंय.