प्रवरेच्या गारगोट्या आणि घरचं टम्बलर: आठ महिने वापरून

मी वायरमन आहे. लाइन बघायला शेताच्या बांधावरून, ओढ्यातून, कधी प्रवरेच्या पात्रातून चालावं लागतं आणि नजर वर तारेवर असली तरी पायाखाली गारगोट्या लागतातच. वीस वर्षांत घरी दोन गोण्या भरल्या. पाण्यात टाकल्या की मधासारख्या पिवळ्या, तांबड्या, निळसर पट्ट्यांच्या दिसतात आणि वाळल्या की पुन्हा पांढुरक्या, मेलेल्या. ती ओली चमक कायम राहावी एवढ्यासाठी गेल्या दिवाळीत दगड पॉलिश करायचं छोटं मशीन, म्हणजे रोटरी टम्बलर, ऑनलाइन मागवलं. 9,000 रुपयांच्या आसपास पडलं. आतापर्यंत सहा घाण्या काढल्या, त्यावरून लिहितोय.

यंत्र अगदी साधं. दोन रूळ, त्यावर आडवा ठेवलेला रबरी डबा, खाली बारकी मोटार आणि एक पट्टा. डब्यात दगड, पाणी आणि कार्बोरंडमची (सिलिकॉन कार्बाइडची) घासायची भुकटी घालून झाकण लावायचं आणि फिरत ठेवायचं. नदी जे काम हजारो वर्षांत करते ते हे महिनाभरात करतं. डबा धरून सगळं दीड किलोच्या आत बसतं, त्यामुळे एका वेळी 800 ग्रॅमच्या फार वर दगड जात नाहीत. मीटर लावून पाहिलं, 23 वॅट घेतं. दिवसरात्र चाललं तरी महिन्याला 16-17 युनिट. बिलाची काळजी करू नका.

काळजी दगडाची करा. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, मग त्या पोकळ्यांत सिलिका मिसळलेलं पाणी झिरपून थरावर थर बसले, तो अकीक. तोच झिजून नदीत येतो. पण त्याच पोकळ्यांत दुसरेही स्फटिक वाढतात आणि तिथे मी फसलो. विहिरीच्या खोदाईवरून आणलेले पांढरेशुभ्र, पंख्यासारखे उलगडलेले खडे पहिल्याच घाणीत अकीकाबरोबर टाकले. आठवड्याने डबा उघडला तर त्यांचा मागमूस नाही, नुसता दह्यासारखा पांढरा रबडा. ते स्टिल्बाइट नावाचं खनिज होतं आणि त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण अकीकाने त्याचं पीठ केलं होतं. इतका देखणा स्फटिक माझ्या हाताने गेला याची हळहळ अजून आहे. आता प्रत्येक दगडावर हॅक्सॉ ब्लेडचा तुटका तुकडा ओढून बघतो. ओरखडा उठला तर तो दगड कपाटात जातो. ब्लेडचीच करडी रेघ दगडावर उमटली तर डब्यात. शिरगोळ्याच्या, म्हणजे रांगोळीच्या मऊ दगडाच्या जातीचं काहीही आत नको. काळा पाषाणही नको, त्याच्या बारीक छिद्रांत भुकटी अडकते आणि पुढच्या टप्प्यात बाहेर पडून सगळ्यांना ओरबाडते.

टप्पे चार, प्रत्येकी सात दिवस. पहिल्याला 60/90 मेशची (मेश म्हणजे चाळणीचं माप, आकडा वाढला की भुकटी बारीक) जाडी भुकटी चार मोठे चमचे, दुसऱ्याला 120/220, तिसऱ्याला 500 आणि शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडचं पॉलिश. डबा दोनतृतीयांश ते पाऊण भरायचा, पाणी वरच्या दगडांच्या किंचित खाली. कमी भरला तर दगड घरंगळण्याऐवजी आपटतात आणि कडांचे टवके उडतात. सात दिवस म्हणजे मशीन चाललेले सात दिवस. आमच्याकडे लाइट जाते, म्हणून मी वहीत तास मांडतो.

खरं काम पहिल्या टप्प्याचं आहे. तिथे घाई केली तर पुढचे तिन्ही आठवडे वाया. खड्डा राहिला असेल तर तो दगड पुन्हा जाड्या भुकटीत, दोनदा, तीनदा, लागेल तितक्या वेळा. माझी तिसरी घाणी 820 ग्रॅमवरून 590 वर आली, त्यातली बहुतेक झीज इथेच झाली. टप्पा बदलताना धुणं हाही मोठा सोपस्कार आहे. डबा, झाकणाची खाच, दगडांच्या भेगा सगळं जुन्या दातघासणीने घासतो. जाड्या भुकटीचा एक कण पॉलिशमध्ये गेला की आठवडाभर तो रेघा ओढत बसतो.

धुतलेला गाळ मोरीत ओतू नका, तो पाइपात सिमेंटसारखा बसतो. मी एका बादलीत साठवून परसात खड्ड्यात टाकतो, आणि वाळून धूळ होण्याआधीच वर माती लोटतो. ही धूळ फुफ्फुसाला वाईट. पहिल्या दिवशी एकदा झाकण उघडून बघा, आत वायू धरतो. माझं झाकण एकदा पुरीसारखं फुगलं होतं.

आता तक्रारी. बरोबर आलेल्या पाकिटातली पॉलिश पावडर एका घाणीलाही पुरली नाही. पट्टा एकोणिसाव्या दिवशी तुटला. विकणाऱ्याला तीन मेल केले, उत्तर नाही. शेवटी तुटका पट्टा घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलो, त्याने त्याच मापाची रबरी ओ-रिंग काढून दिली. ती पाच महिने चालतेय. दोन जादा आणून ठेवल्यात. भुकटीही आता वजनावर सुटी घेतो, पाकिटापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. आवाज मात्र आहेच, पत्र्यावर पावसाची संततधार लागावी तसा. बंद खोक्यात कोंडलं तर मोटार तापते. मी मागच्या पडवीत लाकडी खोक्याखाली ठेवलंय, दोन बाजू उघड्या.

शेवटच्या टप्प्यानंतर साबणाच्या किसात काही तास फिरवून दगड कोरडे करायचे आणि मगच न्याय करायचा. ओला दगड सगळाच सुंदर. कोरड्या दगडात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघतो. कडा पुसट असतील तर तिसऱ्या टप्प्याला परत. चौथ्या घाणीत पहिल्यांदा एका तांबड्या अकीकात ती पांढरी कांडी धारदार दिसली, तिच्याखाली केसाएवढ्या बारीक पट्ट्या, मी मोजल्या तेव्हा एकतीस. मी तो रात्री दोनदा उठून पाहिला. गुजरातेतल्या खंभातचे कारागीर पूर्वी अकीकाचे मणी चामड्याच्या पिशवीत घालून दोघांनी मिळून दिवसचे दिवस इकडून तिकडे लोळवत, हे वाचलं होतं. त्या श्रमाची किंमत त्या रात्री कळली.

एक विनंती. प्रवरेकाठी दगड वेचत असाल तर दगडाच्या कडा बघा. याच नदीकाठच्या नेवाशाला 1954 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केलं, आणि या नदीच्या थरांत अश्मयुगातल्या माणसाने याच गारगोटीची घडवलेली हत्यारं सापडली आहेत. मागच्या उन्हाळ्यात पिवळ्या जास्परचा (अकीकाच्याच जातीचा, पण आरपार न दिसणारा दगड) एक चपटा तुकडा मी पिशवीत टाकलाच होता. बोट फिरवलं तर एका कडेला ओळीने टवके काढलेले, सगळे एकाच दिशेने. तो होता तिथेच परत ठेवला. असा दगड टम्बलरमध्ये गेला तर आठवड्यात त्या हाताची खूण पुसली जाईल, आणि ती परत कोणाला आणता येणार नाही.

घ्यावं का? महिनाभर थांबायची तयारी असेल आणि दगड स्वतः वेचलेले असतील तर जरूर. फक्त मशीन घ्या, दगडांसकटचा संच घेऊ नका. पाकिटातले दगड चमकले तरी ते कुठल्या ओढ्यातले, हे तुम्हाला सांगता येणार नाही.

आईने मात्र तिच्या पाच गारगोट्या दुसऱ्या टप्प्यानंतरच काढून घेतल्या. नातीला पाचखडे शिकवायचे आहेत, आणि पॉलिश केलेला खडा हाताच्या पाठीवर ठरत नाही, घसरतो, असं ती म्हणाली. मी करून पाहिलं, खरंच घसरतो. तिचे पाच खडे आता धूसर, मऊ, अंड्याच्या कवचासारखे आहेत. दुपारी पडवीत त्यांचा आवाज येतो, मशीनच्या आवाजाच्या वरून.