बायसिकलचा लाल कॅट आणि इनव्हिजिबल डेक: अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, पाकीट फोडून दुसऱ्या दिवशी पाच स्टार देणाऱ्यातला मी नाही. मार्चमध्ये घेतले, आता दिवाळी तोंडावर आली, मधे मे महिन्याचा घाम झाला, लग्नाच्या हळदी झाल्या, मुंजी, वाढदिवस, सोसायटीचा गणपती सगळं याच पत्त्यांवर करून झालंय, म्हणून आता लिहायला बसलोय. मी फुल टाइम जादूगार नाही. राहायला नौपाड्यात, नोकरी ऐरोलीला, शनिवार-रविवारी ठाणे नाहीतर नवी मुंबईत कार्ड मॅजिकचे घरगुती प्रोग्राम करतो. मानधन घेतो, त्यावर घर चालत नाही, पण पत्त्यांचा खर्च सुटतो.

घेतलं काय तर बायसिकल रायडर बॅकचे लाल कॅट आणि त्याच लाल पाठीचा एक इनव्हिजिबल डेक, म्हणजे समोरच्याने मनात धरलेला पत्ता उलटा दाखवायचा खास बनवलेला कॅट. साधा कॅट मला चारशेच्या आसपास पडला, भाव खालीवर होत असतो. ब्रँड जुना आहे, 1885 पासूनचा, आणि पाठीवरचं सायकलवर बसलेलं पंखवालं पोरगं 1887 पासून. हे एवढ्यासाठी सांगतोय की लोक विचारतात, चारशे रुपये कशाचे देतोस, कोपऱ्यावर ऐंशी रुपयात पत्ते मिळतात. तर एक पत्ता घ्या, ट्यूबलाइटखाली तिरका धरून बघा. वर बारीक खळग्यांची जाळी दिसेल. त्याला एअर कुशन फिनिश म्हणतात, त्या खळग्यांत हवा राहते म्हणून पत्ता पत्त्यावरून सरकतो, चिकटत नाही. पंखा उघडला की सगळे पत्ते सारख्या अंतराने उघडतात, तो याचाच प्रताप. आणि आत कागदाचे दोन थर, मधे गडद चिकट थर, त्यामुळे मागून लाइट आला तरी आरपार काही दिसत नाही.

याच जाळीवरून नकली माल पण ओळखता येतो. एका ऑनलाइन सेलरकडून स्वस्तात दोन मागवले होते, बॉक्स अगदी हुबेहूब, आत पत्ते गुळगुळीत, खळगे नाहीत, लाल रंग पण जरा गुलाबीकडे झुकलेला. परत पाठवायला पंधरा दिवस भांडलो. तेव्हा बॉक्स बघून खूश होऊ नका, पत्ता बघा.

आता साइझ. आपल्याकडे घरात असतात ते बरेच कॅट ब्रिज साइझचे, रुंदी सव्वादोन इंच. हे पोकर साइझ, अडीच इंच, उंची दोन्हीकडे साडेतीन. पाव इंचाने काय होतंय असं वाटेल पण पामिंग, म्हणजे पत्ता तळहातात लपवणं, करणाऱ्याला विचारा. माझा पंजा मध्यम आहे, सुरुवातीला कोपरा करंगळीच्या बाजूने डोकावायचा, महिनाभर ट्रान्सहार्बर लोकलला बसायला जागा मिळाली की बॅगेखाली हात घालून तेच चालू. बाजूचे लोक वाट्टेल ते समजले असतील.

पण खरं सांगायचं तर घरगुती प्रोग्रामात पाम फारसा लागतच नाही, लागला तरी करू नये. टू बीएचकेचा हॉल, समोर सोफ्यावर काका-काकू, बाजूला दाराच्या चौकटीला टेकलेले मामा, आणि पोरं कायम मागे, सोफ्याच्या हातावर चढून तुमच्या खांद्यावरून बघत असतात. प्रेक्षक समोरच बसलाय असं धरून शिकवलेलं सगळं इथे उघडं पडतं, पास, म्हणजे कॅटचे वरचा-खालचा भाग गुपचूप बदलणं, तर विसराच. मी हळूहळू तीनच गोष्टींवर आलोय, फोर्स (आपल्याला हवा तोच पत्ता समोरच्याला घ्यायला लावणं), की कार्ड (आपल्याला माहीत असलेला खुणेचा पत्ता) आणि डबल लिफ्ट (दोन पत्ते एकच म्हणून उचलणं). चारी बाजूंनी माणसं असली तरी ही टिकतात, डबल लिफ्टला फक्त डाव्या हाताची कड सांभाळायची.

आणि फोर्सवरून एक महत्त्वाचं, हे कुठल्याच रिव्ह्यूत वाचलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. आपण लहानपणापासून पत्ते कसे पिसतो? एका हातात कॅट धरायचा, दुसऱ्या हाताने वरचे वरचे गठ्ठे ओढत तळहातावर टाकायचे. परदेशी ट्युटोरियलवाले यालाच हिंदू शफल म्हणतात आणि जरा हटके प्रकार म्हणून शिकवतात, कारण त्यांच्याकडे लोक ओव्हरहँड नाहीतर रिफल, म्हणजे दोन गठ्ठ्यांचे कोपरे फर्रकन एकमेकांत सोडून पिसणं, करतात. आपल्याकडे उलटं. मी सुरुवातीला स्टाइलमध्ये रिफल करून वर ब्रिज, म्हणजे पत्ते कमानीसारखे वाकवून खाली सोडणं, करायचो, फर्रर्र आवाज, पोरं खूश, पण कोपऱ्यात बसलेले एक आजोबा हमखास म्हणणार, "हा पत्तेबाज दिसतोय, याच्याबरोबर तीन पत्तीला बसू नका रे." झालं, तिथून पुढे सगळ्यांची नजर हातावर. तेच घरच्यासारखं पिसायला लागलो की कोणी ढुंकून बघत नाही, आणि आपलं काम नेमकं त्या पिसण्यातच उरकतं. "थांब म्हणा" म्हणायचं, ते थांब म्हणतात, पत्ता बघतात, विषय संपला. कसं ते इथे फोडत नाही, करणाऱ्यांना कळलंय.

यात बायसिकलचा प्रॉब्लेम असा की नवा कॅट या पिसण्याला अति सुळसुळीत आहे. दहा पत्ते ओढायला जावं तर वीस येतात, खालचा गठ्ठा घसरतो. पहिला आठवडा घरी नुसता पिसत बसायचं, टीव्ही बघता बघता, मग तो हाताला बसतो. नवा कोरा कॅट फोडून थेट प्रोग्रामला नेऊ नका. दिसायला भारी दिसतं पण हातातून सांडतो.

आता पावसाळा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हे पत्ते म्हणजे लोणी होते. मग हवा बदलली आणि कागद पाणी प्यायला लागला. पहिला गेला तो फॅरो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅटचे बरोब्बर अर्धे अर्धे करून एकाआड एक पत्ता विणायचा, आणि वरचा पत्ता वरच ठेवून 8 वेळा बिनचूक केलं की 52 पत्ते परत मूळ क्रमाला येतात. एप्रिलमध्ये मी हे रोज करत होतो. जुलैत पत्त्यांच्या कडा इतक्या फुगल्या की अर्ध्यात अडकायचं, जोर लावला की कोपरे फुटायचे. मग पत्ते वाकायला लागले, पापड कसे सादळतात तसे, कधी पोटाकडे कधी पाठीकडे. पाठ वर आलेली असेल तर डबल लिफ्ट उलट सोपी जाते, दोन पत्ते एकमेकांना धरून राहतात. पोटाकडून वाकले की खालचा सुटून बाहेर डोकावतो, आणि तो एकदा दिसला की पुढची दहा मिनिटं कितीही गोड बोला, उपयोग नाही.

उपाय म्हणून मी काय काय केलं. टाल्कम पावडर लावू नका, दमट हवेत तिचा लगदा होतो, पत्ते आणखी चिकटतात. पत्ते सरकावेत म्हणून लावायची फॅनिंग पावडर म्हणजे झिंक स्टिअरेट, ते चालतं, पण थोडंच, आणि लावल्यावर कापडाने पुसून घ्यायचं. पत्ते दाबून सरळ ठेवायची पितळी क्लिप महाग वाटली म्हणून दोन लाकडी पट्ट्या आणि जाड रबर, रात्रभर त्यात. आणि हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या. याने सगळ्यात जास्त फरक पडला. तरी घोडबंदरला एसी हॉलमधून बाहेर पावसात आणि परत दुसऱ्या घरी गेलो की अर्ध्या तासात पत्ते बदललेले कळतात बोटांना.

मधे वैतागून पूर्ण प्लॅस्टिकचा कॅट आणला. पाण्यात बुडवा, पुसा, काही होत नाही. रमीला झकास, जादूला नाही. फार घसरतो, वाकवलेला पत्ता लगेच सरळ होतो त्यामुळे खुणेला म्हणून मुरड घातली तर टिकत नाही, फाडायची ट्रिक असेल तर फाटता फाटत नाही, आणि मार्करने घेतलेली सही अंगठा फिरवला की पुसली जाते. सहीचा पत्ता हा तर घरगुती प्रोग्रामचा जीव आहे. प्लॅस्टिकवाला पोरांना झब्बू खेळायला देऊन टाकला.

सहीवरून आठवलं, मे महिन्यात घणसोलीला एक हळद होती. डीजे जेवायला थांबला तेवढ्यात मला उभं केलं. नवऱ्याच्या मामांनी पत्ता ओढला, बदाम दश्शी, सही केली, बोटं हळदीने पिवळी. अँबिशस कार्ड चालू, पत्ता मधे घालायचा आणि तो वर यायचा. तिसऱ्यांदा मधे घातला तेव्हा मामाच ओरडले, "अरे थांब, माझ्या पत्त्याच्या कडेला हळद लागलीय, तो बघ मधेच आहे!" बाजूने खरंच एक पिवळी रेघ दिसत होती कॅटच्या बरोब्बर मध्यावर. मी वरचा पत्ता उलटला, बदाम दश्शी, मामांची सही. झालं असं होतं की हळद त्यांच्या बोटांमुळे अजून दोन-तीन पत्त्यांना लागली होती आणि मधे दिसत होती ती दुसऱ्याच पत्त्याची. मी काही बोललो नाही, मामांनी पुढचा अर्धा तास मांडवभर सगळ्यांना धरून धरून सांगितलं. तो कॅट मी ठेवलाय, पांढऱ्या बॉर्डरवर हळदीचा ठिपका असलेला चौकट गुलाम आता फुकटचा की कार्ड झालाय.

पांढरी बॉर्डर ही पण रायडर बॅकची जमेची बाजू. मधे एखादा पत्ता उलटा असेल आणि पंखा उघडताना जरा सरकला तरी फक्त पांढरी कड दिसते, चालून जातं. बी या दुसऱ्या ब्रँडचे पत्ते स्पर्शाला मला जास्त आवडतात पण त्यांच्या पाठीला बॉर्डरच नाही, उलटा पत्ता लगेच चमकतो.

आता इनव्हिजिबल डेक. मूळ कल्पना जो बर्ग यांची, 1936 ची, तेव्हा नाव अल्ट्रा मेंटल होतं, आणि इतक्या वर्षांनीही याला तोड नाही असं माझं स्पष्ट मत आहे. समोरच्याने मनातला कुठलाही पत्ता बोलायचा, तुम्ही बॉक्समधून कॅट काढून पसरायचा, एकच पत्ता उलटा, तोच. हातचलाखी जवळजवळ शून्य. म्हणून नवीन लोक घेतात, दोनदा करतात आणि कपाटात टाकतात, कारण त्यांना वाटतं काम डेकने करायचंय. काम त्याच्या आधीच्या दोन मिनिटांचं आहे, जेव्हा तुम्ही समोरच्याच्या हातात न दिसणारा कॅट देता.

वाशीला एका साठीशांतीला मी हा रिकामा हात एका आजींपुढे केला. म्हटलं, "आजी, हा घ्या कॅट, पिसा." मला वाटलं लाजतील. आजींनी पदर खोचला, हवेतले पत्ते चांगले चार वेळा पिसले, मग जिभेला अंगठा लावून हवेतच एकेक पत्ता सरकवून बघायला लागल्या. हॉल फुटला हसून. वर मला विचारतात, "काटू का रे?" काटला, एक पत्ता निवडला, उलटा करून परत घातला. "कुठला घातलात?" "किल्वर नश्शी." मी खिशातून डेक काढून त्यांच्याच मांडीवर पसरला. किल्वर नश्शी उलटी. आजींनी पत्त्याकडे नाही, स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघितलं. एवढ्या एका प्रतिक्रियेवर डेकचे पैसे वसूल.

तक्रारी आहेत. एक, पावसात याचे हाल साध्या कॅटपेक्षा जास्त. यातल्या पत्त्यांवर जे रफिंग, म्हणजे खरखरीत लेप, असतं ते दमट हवेत कधी अति धरतं कधी सोडतं, पसरताना हात जरा जड पडला की नको ते दिसेल अशी धाकधूक. ऑगस्टमध्ये मी हा डेक घरीच ठेवला. दोन, डोक्यात छोटीशी बेरीज करावी लागते, आणि डीजेच्या आवाजात समोरचा किल्वर म्हणाला की चौकट हे नीट ऐकू आलं नाही तर वाट लागते, मी आता पत्ता त्यांनाच मोठ्याने सगळ्यांना सांगायला लावतो. तीन, ट्रिक संपली की पोरं डेकवर झडप घालणारच, तो हातात द्यायचा नाही. म्हणून त्याच लाल पाठीचा साधा कॅट दुसऱ्या खिशात असायलाच हवा, पोरांच्या हाती तोच द्यायचा.

गणपतीत मात्र ना बायसिकल चालला ना गिमिक, म्हणजे इनव्हिजिबल डेकसारखा खास बनवलेला कॅट. जागरणाला रात्री एक वाजता मेंढीकोटचे तीन डाव रंगलेले, त्यात मला बोलावलं आणि अट घातली, "तुझे पत्ते नको, आमच्या कॅटने कर." त्यांचा कॅट म्हणजे चार वर्षांचा, कडा काळ्या, चहाचा डाग, चौकट पंजी हरवली म्हणून जोकरवर बॉलपेनने चौकट पंजी लिहिलेली. असा कॅट पंख्यात उघडत नाही, डबल लिफ्टला दोनाचे तीन येतात. पण पिसायला एकदम मवाळ असतो, फोर्स तर त्यावर अधिक चांगला जातो, आणि तो बॉलपेनवाला जोकर म्हणजे आयतं की कार्ड, कुठेही असला तरी ओळखू येतो. सरावासाठी बायसिकल घ्याच, पण महिन्यातून एकदा तरी घरचा चिकट कॅट काढून त्यावर पण सगळं करून बघा.

टिकतो किती? नियमित प्रोग्राम असतील तर उन्हाळ्यात एक कॅट दोन-अडीच महिने नीट चालला, पावसात महिन्याभरात मऊ पडला, गोड खाल्लेल्या हातांची पोरं असतील तर एका संध्याकाळीत संपतो. रमी, बदाम सात खेळायला कोणी घेत असेल तर नका घेऊ, पैसे वाया, ऐंशीवाला बरा. फक्त घरी आरशासमोर सराव करायचा असेल तर एक पुरे. प्रोग्राम करत असाल तर सुटे घेण्यापेक्षा ब्रिक घ्या, बारा कॅटचा गठ्ठा, नगामागे स्वस्त पडतो. त्यात साधारण सहा लाल सहा निळे येतात, मला निळे फारसे लागत नाहीत कारण माझं गिमिक लाल आहे, म्हणून सध्या ठाण्यात कोणीतरी निळं गिमिक वापरणारा शोधतोय, त्याने माझे निळे घ्यावे आणि त्याचे लाल मला द्यावे.