राजाची दाढी आणि माझे ३४,५०० रुपये

बँकेत ३१ वर्षं कॅशवर बसलो. चेकवरची तारीख, सही, खाडाखोड बघण्यात हयात गेली, आणि निवृत्तीनंतर फसलो तो चेक-हुंड्यांतच. (हुंडी म्हणजे सावकारी व्यवहारातली पैसे देण्याची लेखी चिठ्ठी, जुन्या काळचा चेकच म्हणा.) घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. सहा मोडी हुंड्या प्रत्येकी ३,५०० आणि 'बँक ऑफ बॉम्बे'चा चेक १३,५०० ला. करा बेरीज.

माणूस जुन्या बाजारात भेटला. वाडा पाडताना सावकाराची पेटी निघाली वगैरे, ती गोष्ट तुम्हाला पाठ असेल. मलाही होती. पण दर्शनी म्हणजे दाखवताच पैसे, मुदती म्हणजे ठरल्या मुदतीनंतर, फेडलेल्या हुंडीला खोखा म्हणतात, सगळं बिनचूक बोलत होता हो! मोडी मला येत नाही. (येत नसेल तर वाचणारा सोबत न्या.) तारीख तेवढी इंग्रजीत, १९३१.

वर छापील मुद्रांकावर राजाचं डोकं. हनुवटी गुळगुळीत. १९३१ साली गादीवर पंचम जॉर्ज, चांगला दाढीवाला. बिनदाढीचा सहावा जॉर्ज आला डिसेंबर १९३६ मध्ये. हे मला तिथे उभ्या उभ्या माहीत होतं! विचारलंही. म्हणाला, "काका, जुन्या छपाईत दाढी पुसट होते." मी मान डोलावली. अरे, मग मिशी कुठे गेली, एवढं तरी विचारायचं होतं.

५,००० रोख दिले, बाकीचे फोनवरून. घरी आल्यावर चेकची तारीख पाहिली: १९२६. बँक ऑफ बॉम्बे १९२१ लाच इम्पीरियल बँकेत विलीन झालेली. मग २५० रुपयांची यूव्ही टॉर्च आणली. कागद पावडरीत धुतलेल्या सदऱ्यासारखा निळा चमकला. त्या काळचा कागद असा चमकत नाही. टॉर्च आधी घ्या.

पोलीस चौकीत तीन खेपा. पहिल्यांदा "साहेब बंदोबस्ताला." दुसऱ्यांदा "पैसे फोनवरून गेले, सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटला, रोख दिली, म्हणजे चौकीचंच काम. तिसऱ्यांदा हवालदाराने हुंडी उलटसुलट केली. "खरी असती तर बँकेत पैसे मिळाले असते का?" नाही म्हटलं. "मग नुकसान कसलं?" अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागून घ्या, भांडून घ्या. माझ्याच जुन्या बँकेने सुनावलं, पिन तुम्हीच टाकलात.

परवा एका ओळखीच्याने विकायला आलेल्या हुंडीचा फोटो पाठवला, घेऊ का म्हणून. तेच अक्षर, तोच गुळगुळीत राजा. तारीख मात्र आता १९३८.